चाकाचे नट : सोडवायला लांबी, आवळायला माप

कासहून परत येताना यवतेश्वरच्या घाटात गाडीचं मागचं डावं चाक बसलं. माझ्याकडे स्टेपनी होती, जॅक होता, गाडीसोबत आलेला एल आकाराचा पाना होता आणि वीस वर्षं गाडी चालवल्याचा माजही होता. पहिला नट हलेना. हातानं जोर केला, पायानं केला, मग पान्याच्या दांडीवर चक्क उभा राहिलो. पाना सटकला, मी रस्त्यावर आणि नटाचे दोन कोन गोल. वर भुरभुर पाऊस, धुकं, बायको गाडीमागे मोबाइलची बॅटरी दाखवत उभी.

अर्ध्या तासानं बामणोलीकडून एक पिकअप आली. ड्रायव्हरनं उतरून नटाकडे बघितलं, पान्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, टायर कवा बदलल्यात?"

"महिना झाला."

"मग मशीननं आवळल्यात. तुमच्या ह्या चमच्यानं न्हाईत निघायचं." त्यानं गाडीतून मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप काढला, माझ्याच पान्याच्या दांडीवर चढवला आणि टोकाला धरून दाबला. 'कट्ट' असा आवाज झाला आणि नट सुटला. गोल झालेल्या नटाला मात्र हातोड्यानं सॉकेट (नटावर चढणारी नळीसारखी टोपी) ठोकून बसवावं लागलं.

माझी बायको रोज साताऱ्याहून वाईला नोकरीसाठी हीच गाडी घेऊन जाते. त्या दिवशी ती एकटी असती तर? म्हणून पुढचे काही महिने मी हत्यारांच्या मागे लागलो. चुकीची घेतली, परत केली, एक स्टडही (नट ज्यावर चढतो तो आटे असलेला खिळा) तोडला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

आधी हे हाताशी घ्या

- गाडीचं मॅन्युअल (त्यात चाकाच्या नटाचा 'टॉर्क', म्हणजे नट किती पीळ देऊन आवळायचा तो आकडा, दिलेला असतो, बहुतेकदा शेवटच्या तांत्रिक माहितीच्या पानांत किंवा चाक बदलण्याच्या पानावर)
- डिकीतला कंपनीचा पाना आणि जॅक, दोन्ही बाहेर काढून
- मोजपट्टी, जमल्यास व्हर्नियर
- वही-पेन
- गाडीला अलॉय व्हील आणि लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनंच निघणारे) असतील तर त्याची चावी (सॉकेटसारखा छोटा तुकडा, बहुतेकांच्या बाबतीत तो ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो आणि बहुतेकांना ते माहीत नसतं)

१. नटाचं माप दुकानदाराला विचारू नका, स्वतः बघा

'मारुतीचा द्या' म्हटलं की दुकानदार काहीतरी काढून देतो. गाडीच्या नावावर जाऊ नका. मारुती आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १९ मिलिमीटरचा नट असतो, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना २१ चा. फोक्सवॅगनला नट नसतोच, १७ चा बोल्ट असतो आणि तो थेट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागात) शिरतो. शिवाय आधीच्या मालकानं अलॉय बसवताना नटच बदललेले असू शकतात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं तसंच निघालं : स्टेपनीसोबतचा पाना २१ चा, चाकावरचे नट १९ चे. पंक्चर व्हायच्या आधी कळलं हे नशीब.

नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर म्हणजे माप. सॉकेट लावून बघा. नीट बसलं की हातानं हलवल्यावर खुळखुळायला नको. १९ च्या नटावर २१ चं सॉकेट 'बसतं', पण ते कोनावर बसतं आणि पहिल्याच जोराला नटाचे कोन मारतं.

एक फसवा प्रकारही सांगून ठेवतो. काही नटांवर पातळ चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेली असते. तिच्या आत पाणी जाऊन गंज धरला की टोपी फुगते. मग चारातल्या तीन नटांना १९ चा पाना बसतो आणि चौथ्याला बसतच नाही. तुमच्या गाडीला असे टोपीवाले नट असतील तर एकसंध लोखंडाचे नट घेऊन टाका. घेताना नटाचा चाकाला टेकणारा भाग आधीच्या नटासारखाच आहे ना, हे शेजारी ठेवून बघा. कुणाचा निमुळता असतो, कुणाचा गोलसर, कुणाचा सपाट वायसरचा. निमुळत्याच्या जागी गोलसर लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण चाकाला पूर्ण टेकत नाही. आटेही तपासा. मारुतीचे आणि ह्युंदाईचे स्टड दोन्ही १२ मिलिमीटरचे, पण आट्यांमधलं अंतर एकाचं १.२५ आणि दुसऱ्याचं १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे सुखानं चढतो आणि मग अडकतो. तिथे जोर केला की आटे गेलेच.

२. सॉकेट सहा कोनांचंच

दुकानात सॉकेटच्या पेटीत बहुतेक बारा पैलूंची सॉकेटं असतात. पटकन बसतात म्हणून गॅरेजवाल्यांना ती सोयीची पडतात. तुमचं काम वेगळं आहे. गंजलेला, टायरवाल्यानं हवेच्या गननं आवळलेला एकच नट सोडवायचा असतो. बारा पैलूंचं सॉकेट नटाला कोनांपाशी धरतं, सहा पैलूंचं सपाट बाजूंवर धरतं. कोन आधी झिजलेला असेल तर फरक लगेच कळतो.

मागताना म्हणा, "अर्धा इंची ड्राइव्हचं, सहा पैलूंचं, १९ चं डीप सॉकेट." ड्राइव्ह म्हणजे दांडी अडकवायचा चौकोन. मुरलेला दुकानदार असेल तर तो 'चार सुती' म्हणेल, आठ सुतांचा इंच, म्हणजे चार सूत हा अर्धा इंचच. तीन सुतीचं (३/८) घेऊ नका, चाकाच्या नटासाठी त्याचा चौकोन कमी पडतो. डीप म्हणजे खोल घ्यायचं, कारण स्टड नटाच्या बाहेर आलेला असेल तर आखूड सॉकेट पूर्ण बसत नाही आणि अर्धवट बसलेलं सॉकेट सटकतं.

अलॉय असेल तर सॉकेटची भिंत किती जाड आहे तेही बघा. अलॉयमधला नटाचा खड्डा अरुंद असतो. जाड सॉकेट आत जातं, पण फिरवताना रंग खरवडतं. बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेली पातळ सॉकेटं मिळतात, ती घ्या.

मी पहिल्यांदा रस्त्याकडेच्या एका दुकानातून चकचकीत पेटी घेतली होती. चाळीस नग, सुंदर निळी पेटी. त्यातलं १९ चं सॉकेट तिसऱ्या वापरात उभं चिरलं. चाळीस नगांतलं मला एकच लागणार होतं, हे घरी आल्यावर कळलं. टापरियासारख्या नावाजलेल्या कंपनीचं एक सुटं सॉकेट घ्या आणि उरलेले पैसे पुढच्या दोन हत्यारांसाठी ठेवा. साताऱ्यात असाल तर गाड्यांच्या शोभेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानापेक्षा एमआयडीसीतल्या कारखान्यांना हत्यारं पुरवणाऱ्या दुकानात जा. तिथे सुटं सॉकेट मागितलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही.

३. सोडवायला लांबी किती हवी : हिशोब घाला

बाकीचं कुणीही सांगेल, पण हा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता. त्यामुळे इथे थोडा वेळ थांबतो.

टॉर्क म्हणजे पीळ. दांडीच्या टोकाला किती किलोचा जोर दिला × ९.८ × दांडीची लांबी मीटरमध्ये = न्यूटन-मीटर. माझ्या जुन्या स्विफ्टच्या मॅन्युअलमध्ये नटाचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर दिलाय. कंपनीचा पाना मी मोजला, नटाच्या मध्यापासून दांडीच्या टोकापर्यंत २५ सेंटिमीटर. म्हणजे नीट आवळलेला नट सोडवायलाही टोकाला सुमारे ३५ किलोचा जोर हवा. जमतं.

आता घाटातला प्रसंग घ्या. मी ७४ किलोचा. पान्याच्या टोकाला उभा राहिलो म्हणजे ७४ × ९.८ × ०.२५, म्हणजे १८० च्या थोडं वर. तरी नट हलला नव्हता. म्हणजे टायर बसवणाऱ्यानं, वर महिन्याभराच्या पावसानं, नट दुपटीच्याही पुढे नेऊन ठेवला होता. हवेवर चालणाऱ्या गनची ताकद ४०० न्यूटन-मीटरच्या वर सहज असते. ट्रिगर किती वेळ दाबून धरला आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा किती, यावर नटाचं नशीब.

समजा तो २५० ला बसला होता. २५ सेंटिमीटरच्या पान्यानं तो सोडवायला १०० किलोच्या वर माणूस हवा. ६० सेंटिमीटरची दांडी असेल तर ४३ किलो पुरतात. माझ्या बायकोचं वजन ५२. दांडी जमिनीला समांतर धरून दोन्ही हातांनी अंग टाकलं तर तिला ते जमतं; आम्ही अंगणात करून बघितलंय. आणि नट मापात आवळलेला असेल तर त्याच दांडीनं १५ किलो जोर पुरतो, म्हणजे भरलेली पाण्याची बादली उचलण्याइतका.

तेव्हा दांडी घेताना घरात गाडी चालवणाऱ्यांपैकी सगळ्यांत कमी वजनाच्या माणसाचा विचार करा. ४५ सेंटिमीटरच्या खाली घेऊ नका, ६० उत्तम. त्याहून लांब दांडी डिकीत ठेवायला अडचणीची होते.

४. क्रॉस पाना, एल पाना की लांब दांडी

एल पाना : गाडीसोबत येतो, हलका असतो, आखूड असतो. शेवटचा आधार म्हणून राहू द्या. काहींची दांडी आत-बाहेर सरकते, तो प्रकार बरा.

क्रॉस पाना : चार टोकांना चार मापं. दोन्ही हातांनी एक बाजू खाली, दुसरी वर असं फिरवता येतं, त्यामुळे सॉकेट तिरकं होत नाही. सैल झालेला नट भरभर काढायला याच्यासारखं सुख नाही. पण एका बाजूची लांबी जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर असते, त्यामुळे जाम नटाला तो पुरेलच असं नाही. डिकीत खडखडतो. घरात जुना असेल तर ठेवा, नवा मुद्दाम घेऊ नका असं माझं मत. टायरवाले माझ्याशी भांडतील.

लांब दांडी : दुकानात हिला पॉवर बार, ब्रेकर बार, फ्लेक्झिबल हँडल अशी नावं आहेत. पुढे अर्धा इंची चौकोन, तो मानेत हलतो. यावर तुमचं सॉकेट लावायचं. आम्ही हेच घेतलं. सोबत १० सेंटिमीटरची एक्स्टेंशन घेऊ का, असं दुकानदार विचारेल. चाकाचा नट खोलात असेल तरच घ्या. एक्स्टेंशन लावली की दांडी चाकापासून लांब जाते, सॉकेट तिरकं व्हायला बघतं आणि दुसऱ्या हातानं तिला आधार द्यावा लागतो.

रॅचेटनं (एकाच दिशेला पकड घेणाऱ्या, कटकट वाजणाऱ्या दांडीनं) नट 'फोडू' नका. आतले दाते बारीक असतात. रॅचेट सैल नट फिरवण्यापुरती.

पाइप चढवण्याबद्दल. पिकअपवाल्यानं मला सोडवलं, म्हणून मीही घरी एक जी.आय. पाइप आणून ठेवला होता. तो फक्त सोडवायला. मी पुढच्या पंक्चरला त्याच पाइपनं नट आवळला, 'आता सुटायला नको' म्हणून. चार महिन्यांनी तोच नट सोडवताना स्टड नटासकट तुटून हातात आला. स्टड आधीच ताणला गेला होता. ब्रेकचा ड्रम उघडून नवा स्टड ठोकण्यात अर्धा दिवस गेला. पाइप आता पपईच्या झाडाला टेकू म्हणून आहे.

५. आवळायला टॉर्क रेंच

सोडवताना किती जोर लागला याला महत्त्व नाही, सुटला की झालं. आवळताना मात्र आकडा लागतो, आणि तो टॉर्क रेंच, म्हणजे किती पीळ दिला ते कळवणारा पाना, दाखवतो. 'हाताला कळतं' असं म्हणणारे मेकॅनिक खोटं बोलत नाहीत. ते दिवसाला पन्नास नट आवळतात. आपण वर्षाला चार. आपल्या हाताला काही कळत नाही.

काही आकडे, निव्वळ अंदाजासाठी : मारुतीच्या जुन्या गाड्यांना ८५, नव्यांपैकी काहींना १००. होंडाला १०८, टोयोटाला १०३, फोक्सवॅगनला १२०. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो असेल तोच धरायचा. मॅन्युअलमध्ये 'किलोग्रॅम-मीटर' असं एकक दिसलं तर ९.८ नं गुणा, ८.५ लिहिलं असेल तर ते ८५ च्या आसपासच.

कमी आवळलं तर चाक चालताना कणाकणानं हलतं, नट आणखी सैल होतो, छिद्र लंबगोल होतं. जास्त आवळलं तर स्टड ताणतो, ब्रेकची डिस्क वाकडी बसून पेडलला थरथर येते. खंबाटकी चढून पुण्याचे पाहुणे आले की 'ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं' म्हणतात. त्यांना मी आधी नट शेवटचे कुणी आवळले ते विचारतो.

घेताना क्लिक होणारा, अर्धा इंची, साधारण ४० ते २१० न्यूटन-मीटरचा घ्या. तुमचा आकडा पट्ट्याच्या मधल्या भागात यायला हवा. अगदी खालच्या टोकाला हे पाने नेमके नसतात. डिजिटल छान दिसतो, पण नेमका लागेल तेव्हा त्याचा सेल गेलेला असतो. काटा आणि पट्टी असलेला जुना प्रकार मिळाला तर तोही उत्तम. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, फक्त वाकून काटा बघावा लागतो. या एका हत्याराला बाकी सगळ्यांच्या मिळून होतील तेवढे पैसे पडतात. मन घट्ट करा.

वापरताना :

- यानं नट कधीही सोडवायचा नाही.
- दांडीच्या मुठीला मधोमध धरायचं, पुढे-मागे नाही.
- झटका नाही, सावकाश दाब. 'टक' झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी दोनदा टकटक करायची सवय पुष्कळांना असते, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो.
- काम झालं की आकडा पट्ट्याच्या सगळ्यांत खालच्या खुणेवर आणून ठेवा. त्याच्याही खाली फिरवू नका.

घरच्या घरी पडताळणी करता येते. चौकोन मजबूत शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा पकडा, दांडी जमिनीला समांतर. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. माझ्याकडे ते ४५ सेंटिमीटर भरलं. मुठीच्या मध्याला २० किलोचं वजन टांगा. मी २० लिटरचा पाण्याचा जार दोरीनं बांधला. २० × ९.८ × ०.४५ म्हणजे ८८. जार आणि पान्याचं स्वतःचं वजन धरून आणखी तीन-चार. पाना ८५ ला लावल्यावर टक व्हायला हवं आणि १०५ ला लावल्यावर व्हायला नको. माझा पास झाला. शेजारच्या काकांचा १३० ला लावल्यावरही वाजला. त्यांनी तो तीन वर्षं आकडा न उतरवता तसाच पेटीत ठेवला होता.

६. बॅटरीची गन घ्यावी का

मुलगा म्हणेल घ्या. मी म्हणतो थांबा. वर्षाला एक-दोनदा पंक्चर होणाऱ्या गाडीला ती नको. बॅटरी डिकीत उन्हात तापते आणि लागेल त्या दिवशी चार्ज नसते. चारही चाकांच्या जागा दर दहा हजार किलोमीटरला स्वतः आलटून-पालटून बदलणार असाल तर घ्या, पण सोडवण्यापुरती. तिला काळी इम्पॅक्ट सॉकेटं लावायची. चकचकीत क्रोमची लावली तर ठोक्यानं चिरतात आणि तुकडा उडतो.

गाडीच्या लायटरवर चालणारी जी स्वस्त गन मिळते, तिच्याबद्दल काही लिहीत नाही. आमच्या घरी तिची पेटी खिळे ठेवायला कामी येते.

७. आट्यांवर ग्रीस लावू नका

ग्रीस लावायचा सल्ला साताऱ्यात सगळीकडे मिळतो, मलाही तीन जणांनी दिला. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस किंवा तेल लावलं की घर्षण कमी होतं. मग त्याच ८५ ला नट खूप पुढे जातो आणि स्टड ताणला जातो. टॉर्क रेंच टक म्हणतो, तुम्ही निर्धास्त, आणि आत स्टड जीव टाकतोय.

गंज मात्र आपल्याकडे खरा आहे, आणि तो सगळीकडे सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मेढा, बामणोली, तापोळ्याच्या गाड्यांचे नट पावसाळ्यानंतर बघा आणि दहिवडी-म्हसवडच्या बघा. एकाच जिल्ह्यातल्या वाटत नाहीत. पश्चिमेला राहणाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एकदा चारही चाकं काढावीत. तारेच्या ब्रशनं आटे आणि हबचा सपाट भाग घासावा, फडक्यानं कोरडा पुसावा. चाक हबला चिकटतं त्या मधल्या गोल कडेला ग्रीसचं पुसट बोट फिरवलं तर चालतं. आट्यांवर नाही, नट टेकतो तिथेही नाही.

नट जाम असेल तर डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारा, पंधरा मिनिटं थांबा, मग दांडी लावा. चाक परत बसवण्याआधी तो आट्यांवरून पुसून काढा.

८. अंगणात तालीम करा

रविवारी सकाळी, सपाट जमिनीवर. ज्याला रस्त्यात करावं लागणार त्यानंच करायचं, तुम्ही बाजूला हाताची घडी घालून उभे.

हँडब्रेक, पहिला गिअर, जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा, जॅक त्यानंतर. दांडी लावताना ती तुमच्या डाव्या हाताला येईल अशी बसवा, म्हणजे खाली दाबलं की नट सुटतो; आवळताना उजव्या हाताला. वर ओढून जोर केला तर कंबर जाते. सॉकेट नटात पूर्ण शिरलंय का, हे दुसऱ्या हातानं दाबून बघा. मी घाटात तेवढंच केलं नव्हतं.

नट काढूनही चाक निघत नसेल तर गाडीखाली हात न घालता टायरला बाजूनं तळपायानं ठोका. गाडी जॅकवर असताना अंगाचा कोणताही भाग तिच्याखाली नको. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसते.

बसवताना पहिले चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटानं फिरत नसेल तर आटा चुकलाय, काढा आणि परत लावा. मग सॉकेटनं हलके टेकवा, एकानंतर शेजारचा नाही, समोरचा. चार नट असतील तर आडवा-उभा, पाच असतील तर चांदणी काढतो तसं. गाडी खाली घ्या, आणि मग टॉर्क रेंच, त्याच क्रमानं, दोन टप्प्यांत : आधी अर्ध्या आकड्याला, मग पूर्ण.

बायकोला पहिल्या वेळी पस्तीस मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी सोळा. माझा वेळ विचारू नका.

९. डिकीत काय, घरी काय

डिकीत : लांब दांडी, एक डीप सॉकेट, जॅक, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा (पावसात साइडपट्टीच्या चिखलात जॅक रुततो), दोन लाकडी ठोकळे, डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, लाल त्रिकोण, जुनी चादर. सगळं एका कॅनव्हासच्या पिशवीत, म्हणजे खडखडाट नाही. लॉक नटाची चावी असेल तर तीही याच पिशवीत बांधून.

घरी : टॉर्क रेंच, तारेचा ब्रश. टॉर्क रेंच डिकीत धक्के खात फिरवू नका. रस्त्यात चाक बदललं तर दांडीनं बेताचा जोर द्या (६० सेंटिमीटरच्या दांडीला साधारण १५ किलो), घरी येऊन टॉर्क रेंच लावा. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा. घाटात किंवा महामार्गाच्या कडेला गाडी थांबवताना चढ, वळण आणि आंधळी बाजू टाळा. बसलेल्या टायरवर पन्नास-शंभर मीटर सावकाश पुढे गेलं तर टायर जाईल, जाऊ द्या.

१०. टायरवाल्याला काय सांगायचं

मुळात नट जाम होतात ते इथे. भांडायला जाऊ नका, त्यांच्या मागे रांग असते. गाडी उभी करतानाच सांगा, "गननं नुसते टेकवा, शेवटचं मी हातानं आवळतो." बहुतेक जण ऐकतात. मी ज्याच्याकडे जातो त्या पोरानं पहिल्यांदा माझ्या टॉर्क रेंचकडे बघून हसून विचारलं होतं, "काका, विश्वास न्हाई का आमच्यावर?"

मी त्याला लांब दांडी दिली आणि म्हटलं, त्या बाजूचं चाक तू मघाशी लावलंस ना, त्याचा नट सोडव. त्यानं दोनदा जोर केला. तिसऱ्यांदा दांडीवर पाय ठेवला. मग शर्टाला हात पुसत म्हणाला, "ह्याला गनच आणतो थांबा."

आता तो चारही चाकं टेकवून देतो आणि स्टूल पुढे सरकवतो. पैसे तेवढेच घेतो.